लहान मुलांसाठी टिफिन बॉक्स कसा निवडावा? घेण्याआधी या ५ गोष्टी नक्की तपासा

जून जवळ आला की मोबाईलवर कार्टूनवाले डबे दिसायला लागतात. लीकप्रूफ, एअरटाईट, चार कप्पे, पाच तास गरम! पण ३-४ वर्षांच्या मुलासाठी यातलं खरंच काय लागतं? चला, सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी आमच्या घरचा किस्सा सांगतो. आम्ही कोनला (पनवेल) राहतो. माझी भाची नर्सरीत जायला लागली आणि पहिले तीन दिवस डबा भरलेलाच परत आला. ताईला वाटलं, पोरगी खातच नाही. चौथ्या दिवशी भाची म्हणाली, "मामा, झाकण उघडतच नाही." घरी तर तोच डबा ती सहज उघडायची! मग गडबड कुठे होती?

१. झाकण का अडकतं?

घरी तिने रिकामा डबा उघडून पाहिला होता. शाळेत मात्र गरमागरम उपमा भरून लगेच बंद केलेला डबा जायचा. बंद डब्यातली हवा ७० अंशांवरून ३० अंशांवर आली, की तिचा दाब साधारण १२ टक्के कमी होतो. वाफेचं पाणी झालं की तो आणखी उतरतो. बाहेरची हवा मग झाकण आत दाबून धरते. १० बाय १० सेंटिमीटरचं झाकण अगदी हवाबंद आणि कडक असेल, तर हा जोर सुमारे १२ किलो वजनाइतका होतो. प्रत्यक्षात झाकण थोडं वाकतं, त्यामुळे जोर कमी पडतो. तरी चिमुकल्या बोटांना तोही जास्तच.

उपाय सोपा आहे. वाफ जाऊ द्या, मग झाकण लावा. याने चपातीही ओली होत नाही. काही डब्यांच्या झाकणावर सिलिकॉनचं छोटं बूच असतं. ते उचललं की हवा आत जाते आणि झाकण सुटतं.

२. टेस्टिंग मुलाकडून करून घ्या

ॲप बनवलं की आम्ही ते वापरणाऱ्याच्या हातात देऊन बघतो. इथे वापरणारं मूल आहे, आपण नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी डबा भरा, दोन तासांनी मुलाच्या हातात द्या आणि मदत न करता फक्त बघा. उघडता आला? परत लावता आला? दोन्ही जमलं तरच डबा पास. दुकानात निदान क्लिप तरी मुलालाच उघडायला सांगा.

३. स्टील की प्लॅस्टिक?

गरम आणि तेलकट पदार्थांसाठी स्टील बरं. ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून ते सहसा गंजत नाही. "लोहचुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४" असं दुकानदार सांगतात, पण त्यावर जाऊ नका. स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही.

मग तपासायचं कसं? स्टीलच्या भांड्यांना आयएसआय मार्क सक्तीचा करणारा आदेश केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ रोजी काढला. डब्यावर मार्क असेल तर त्याच्यासोबतचा सीएम/एल नंबर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. लायसन्स कोणाचं आहे आणि चालू आहे का, ते लगेच दिसतं.

प्लॅस्टिकच घ्यायचं असेल तर डबा उलटा करून त्रिकोणातला आकडा बघा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, डब्यासाठी नेहमी वापरलं जाणारं. ७ म्हणजे 'इतर', त्यात नेमकं काय आहे ते कळत नाही. ३ आणि ६ टाळा.

४. गरम ठेवणारा डबा हवाच का?

शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डब्याची सुट्टी कधी होते ते टीचरना विचारा. दोन तासांच्या आत असेल तर साधा डबा पुरतो. व्हॅक्यूमवाला डबा जड असतो आणि त्याचं फिरकीचं झाकण लहान मुलांना अवघड जातं. सुट्टी उशिरा असेल तर दहीभात, पनीर असं लवकर खराब होणारं देऊ नका.

५. धुताना रबर निघतं का?

झाकणाची सिलिकॉन रिंग काढून धुता आली पाहिजे. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तिच्याखाली काळी बुरशी धरते. रिंग निघत नसेल तर तो डबा घेऊच नका.

थोडक्यात: छोटा, हलका, एक-दोन कप्प्यांचा आणि मुलाला स्वतः उघडता येणारा डबा घ्या. आत छोटे घास ठेवा. द्राक्षं उभी चिरून द्या, अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकू शकतात.

भाचीचा डबा आम्ही बदललाच नाही. ताई आता उपमा आधी ताटलीत पसरून निववते आणि मग भरते. डबा रिकामा येतो. तुमच्याकडे डबा भरलेला परत येत असेल, तर मुलाला रागावण्याआधी एकदा झाकण तपासा.