नाचासाठी शिवलेले पातळ

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेसाठी मी नाचाच्या कापडावर लिहिते आहे. "त्यात कसला आला इतिहास?" असे आमच्या घरी विचारले गेले. सातवीनंतर शाळा सुटली आणि शिवणयंत्राशी गाठ पडली, त्या माझ्यासारखीला मात्र तो चांगला दिसतो.

आपल्याकडे नाचणाऱ्या बाईचा वेष म्हणजे नऊवारी. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड, त्याला टाका एक नाही. निऱ्या, ओचा आणि कासोटा यांवरच सारी भिस्त. तमाशाच्या फडात विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यासारख्या कलावतींनी याच वेषात रात्री जागवल्या. कासोट्याने पाय मोकळे राहतात, बैठक घेता येते, गिरकी घेता येते. पण कापड धरून राहणारे हवे. सुती लुगडे धरते, निसरडे कापड गिरकीसरशी सैल पडते. चारचौघांत नेसू सुटण्याची धास्ती ज्या बाईच्या मनात आहे, तिच्या पायांत ताल कोठून येणार?

ही धास्ती सुईने काढून टाकणारी बाई आपल्या कोल्हापूरची. भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथय्या, यांचा जन्म १९२९ सालचा. वडील अण्णासाहेब चित्रकार. ते मुलीच्या लहानपणीच वारले. भानूताई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, स्त्रियांच्या एका साप्ताहिकात वेषांची चित्रे काढू लागल्या आणि तेथून सिनेमात गेल्या. १९६६ च्या 'आम्रपाली'त वैजयंतीमालेला नर्तकी करायचे होते, तेव्हा त्यांनी अजिंठ्याची चित्रे अभ्यासली. वेष पुरातन, पण नाचणारी जिवंत. दोघींना शोभेल असा वेष त्यांनी केला.

माझ्या मते त्यांची खरी करामत १९६८ च्या 'ब्रह्मचारी'त आहे. शम्मी कपूरबरोबर मुमताजला पाश्चात्य धर्तीच्या चालीवर नाचायचे होते आणि तेही पातळ नेसून! नेहमीसारखे नेसवले असते तर दोन पावलांत निऱ्या पायांत आल्या असत्या. भानूताईंनी केशरी रंगाचे पातळ अंगाबरोबर बसवून शिवून टाकले, निऱ्या जागच्या जागी टाचल्या आणि चेन लावली. ते 'मुमताज साडी' म्हणून गाजले. विलायतेत जोडीने नाचणाऱ्या बायकांचे झगेही शिवलेलेच असतात. आपण पातळाला शिवायचे नाही असे का ठरवले होते, कोण जाणे. १९८३ साली 'गांधी' चित्रपटासाठी भानूताईंना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळाले, भारतातील पहिले. २०२० मध्ये त्या गेल्या.

आता आपल्या कळंबमध्येही हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात मुली शिवलेली नऊवारी घालून नाचतात. दोन मिनिटांत वेष तयार, म्हणून कापड कसेही चालेल असे मात्र नाही. टाका निऱ्या धरतो, पण कापडाचे पडणे टाक्याच्या हातात नसते. खळ दिलेले कडक कापड फुग्यासारखे उभे राहते. जॉर्जेट पिळाच्या सुताचे असल्याने छान लहरते, पण नऊवारीच्या निऱ्या त्यावर ठरत नाहीत. सुती-रेशमी मिश्रण मला सर्वांत बरे वाटते. काठ पाहून घ्यावा, कारण कासोट्याचा काठ पाठीमागून पायावर दिसतो आणि प्रेक्षकांची नजर तेथेच जाते. जरीचा जड काठ मात्र लहान मुलीला ओढतो.

दुकानात कापड एका टोकाने उचलून खाली सोडून पाहावे, मुठीत दाबून पाहावे. रेशीम म्हणून देत असतील तर एक सूत मागून जाळावे. रेशमाला केस जळल्याचा वास येतो; पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. एका दुकानदाराने (गाव लिहीत नाही) शुद्ध रेशीम म्हणून दिलेल्या थानाची अशीच गोळी झाली. मुली दिव्यांच्या उजेडात घामाने भिजल्या असत्या. थान त्याच दिवशी परत केले.

मंडळाच्या कपाटातील नऊवारींच्या शिवणीत मी दोन बोटे माया ठेवली आहे. पुढील वर्षीच्या मुली थोड्या भरलेल्या अंगाच्या असल्या तर उसवून वाढवता येतील.