उत्तर कोंकणच्या शिलाहारांची वंशावळ

पनवेलच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला, उरणजवळ चांजें नांवाचें एक गांव आहे. उरणचा हा मुलूख पूर्वीं पनवेल तालुक्याचाच पोटभाग होता. ह्या चांज्यास सांपडलेल्या एका शिळेवर शके १०६०, म्हणजे इ. स. ११३८-३९ या वर्षाचा लेख आहे. मजकूर अगदीं थोडका. अपरादित्य राजानें आपली आई लीलादेवी हिच्या पुण्यार्थ नागुम गांवांतील जमीन दान दिली आणि चांज्यांतीलहि एक शेत दिलें, इतकेंच तो सांगतो. नागुम म्हणजे बहुधा आजचें नागांव. परंतु या चार ओळींचें मोल इतिहासाच्या अभ्यासकाला मोठें वाटतें. ज्या घराण्यांतला हा अपरादित्य, त्या घराण्याच्या ताम्रपटांत बापाचें नांव येतें, आजाचें येतें, पणज्याचें येतें आणि प्रत्येकामागें विशेषणांचा भला मोठा लवाजमा येतो. आईचें नांव मात्र त्या वंशवर्णनांत सहसा आढळत नाहीं. तांब्यानें जें सांगावयाचें टाळलें, तें खेड्यांतल्या दगडानें सांगितलें.

हें घराणें शिलाहारांचें. ठाणें व आजचा रायगड जिल्हा धरून उत्तर कोंकणावर त्यांनीं सुमारें साडेचारशें वर्षें सत्ता चालविली. प्रथम ते राष्ट्रकूटांचे मांडलिक होते, पुढें बव्हंशीं स्वतंत्र झाले. त्यांच्या दुसऱ्या दोन शाखा दक्षिण कोंकणांत व कोल्हापुरास नांदत होत्या. विसांच्या आसपास राजे ह्या उत्तरेकडील शाखेंत होऊन गेले. पण त्यांची एकसंध वंशावळ कोणत्याहि एका पोथींत लिहून ठेवलेली नाहीं. आज जी वंशावळ ग्रंथांत छापलेली दिसते, ती विद्वानांनीं ताम्रपट आणि शिळा एकमेकांशेजारीं ठेवून, नांवाला नांव जुळवून, सुमारें दोनशें वर्षांत सिद्ध केलेली आहे.

ताम्रपट म्हणजे मुळांत जमिनीचें खरेदीखत नव्हे तर दानखत. अमुक गांवची अमुक जमीन, तिच्या चतुःसीमा ह्या, ती अमुक गोत्राच्या ब्राह्मणास वा अमुक देवालयास दिली, हा त्यांतला खरा कामाचा भाग. पण दान देणाऱ्याचा त्या भूमीवर अधिकार काय, हें आधीं सांगावें लागतें. म्हणून आरंभीं वंशवर्णन. अर्थात् हें वर्णन इतिहासासाठीं लिहिलेलें नसून हक्कासाठीं लिहिलेलें असतें. ज्या पूर्वजाच्या नांवानें हक्क बळकट होतो तो आंत येतो; ज्याच्या नांवानें तो लटका पडेल त्याला लेखक हळूच बाजूला सारतो. हें ज्याच्या ध्यानांत राहिलें नाहीं, त्यानें ताम्रपट वाचूं नयेत हेंच बरें.

शिलाहारांचा मूळ पुरुष जीमूतवाहन. विद्याधरांचा हा राजपुत्र एका नागाचा जीव वांचविण्यासाठीं शिळेवर जाऊन बसला आणि त्यानें आपला देह गरुडाला भक्ष्य म्हणून देऊं केला, ही कथा हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकामुळें संस्कृत शिकलेल्या घरांत परिचयाची आहे. शिळेवरील आहार म्हणून शिलाहार, आणि ध्वजावर सोन्याचा गरुड! तगर नगराचे स्वामी हेंहि बिरुद ते मिरवीत. तें तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर. यांतला जीमूतवाहन इतिहासाचा नव्हे, हें सांगावयास नको. पण तेरचा उल्लेख पोकळ म्हणून टाकून देतां येत नाहीं, कारण एखादें घराणें आपलें मूळ गांव सहसा विसरत नाहीं.

अशी देवादिकांपर्यंत चढणारी शिडी केवळ आपल्याकडेच होती असें मात्र नाहीं. ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स म्हणून डोंगराळ प्रांत आहे. तेथें जमिनीवरचा वांटा कुळावरून ठरत असे, त्यामुळें पिढ्या तोंडपाठ असणें हें पोटापाण्याचें काम होतें, आणि भाटांना मान होता. दहाव्या शतकांत तेथील ओवाइन नामक राजासाठीं जुळविलेली वंशावळ पिढी दर पिढी नीट उतरत येते. पण ती वरती चढवीत नेली म्हणजे टोंकाशीं ख्रिस्तमाता मेरीची चुलतबहीण म्हणविणारी ॲना येऊन बसते. ओवाइन वारला इ. स. ९८८ मध्यें, त्याच सुमारास ठाण्याला शिलाहार अपराजित राज्य करीत होता. दोघांनीं एकमेकांचें नांव ऐकण्याचा संभव नाहीं, पण दोघांच्या पदरच्या पंडितांची विद्या एकाच जातीची होती.

शिलाहारांच्या ताम्रपटांशीं अर्वाचीन विद्येची पहिली गांठ पडली ती १७८७ सालीं. ठाण्याच्या किल्ल्यांत नव्या बांधकामासाठीं खणतांना कांहीं पत्रे निघाले. जनरल कार्नाक यांनीं ते पुढें धाडले, रामलोचन पंडितांनीं अर्थ सांगितला, आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडांत, १७८८ मध्यें, तें भाषांतर छापलें गेलें. तो पट शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चा, अरिकेसरी राजाचा. दक्षिणेकडील शाखेचा खारेपाटणचा ताम्रपट पुढें बाळशास्त्री जांभेकर यांनीं प्रसिद्ध केला. मराठी वृत्तपत्रांचा जनक म्हणून ज्यांना सारे ओळखतात त्यांची ही दुसरी बाजू फारशी कोणाच्या लक्षांत नसते.

एका अंकाची चूक केवढी उलथापालथ करते, याचें उदाहरण अंबरनाथच्या देवळांत आहे. तेथील लेखांत मांवाणि, म्हणजेच मुम्मुणि, राजाचें नांव आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं त्यांतील शक ७८२ असा वाचला. तसें धरलें तर मुम्मुणि इ. स. ८६० चा ठरतो आणि आपल्या खापरपणज्याच्याहि आधीं जाऊन बसतो! पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो अंक ९८२ आहे असें दाखविलें, म्हणजे इ. स. १०६०. मुम्मुणि आपल्या भावांच्या पंक्तींत परत आला. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखालीं तयार झालेले. गुरूच्या पश्चात् गुरूची चूक दुरुस्त करणें हें नाजूक काम असतें, पण त्यांनीं तें केलें. १८८२ सालच्या ठाणें गॅझेटियरमधील शिलाहारांची वंशावळ मुख्यतः त्यांच्याच श्रमाचें फळ आहे. त्यानंतर सांपडलेल्या लेखांची भर घालून म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं १९७७ मध्यें सर्व लेखांचा एकत्र खंड सिद्ध केला.

वंशाचा पहिला ऐतिहासिक पुरुष कपर्दी. त्याचा पुत्र पुल्लशक्ति कान्हेरीच्या लेण्यांतील शके ७६५ च्या, म्हणजे इ. स. ८४३ च्या लेखांत भेटतो. पुल्लशक्तीचा पुत्र दुसरा कपर्दीहि तेथेंच. दोघेहि राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक, आणि दोघांच्याहि काळांत तेथील बौद्ध भिक्षूंना दानें मिळालेलीं. पुढें वप्पुवन्न आणि त्याचा मुलगा झंझ. या झंझाची साक्ष एका परक्यानें दिलेली आहे. अल् मसूदी हा अरब प्रवासी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६ मध्यें, सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला होता. तेथील राजाचें नांव तो झंझ असेंच देतो. ताम्रपटांवरून बांधलेली पिढ्यांची गणती आणि एका मुसलमान प्रवाशाची टिपणी अशी एका ठिकाणीं येऊन मिळते तेव्हां त्या साऱ्या खटाटोपावर विश्वास बसतो.

झंझानंतर भाऊ गोग्गि, त्याचा पुत्र वज्जड, आणि वज्जडाचा पुत्र अपराजित, असें नंतरचे सर्व ताम्रपट एकमुखानें सांगतात. ह्या एकवाक्यतेवर कोणीहि निःशंक विसंबला असता. पण मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत एक ताम्रपट आला आणि त्यानें एक निराळाच राजा पुढें आणून उभा केला: छद्वैदेव, वज्जडाचा धाकटा भाऊ. तो राज्य करीत होता, दान देत होता. पण पुढच्या एकाहि वंशवर्णनांत त्याचें नांव नाहीं. अल्पवयी पुतण्याच्या नांवें कारभार पाहतां पाहतां त्यानें गादीच बळकावली असावी आणि म्हणून अपराजितानें व त्याच्या वंशजांनीं त्याला वगळलें असावें, असा तर्क केला जातो. तर्क पटण्यासारखा आहे. पेशव्यांच्या घरांत काका-पुतण्यांचें काय झालें हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यांत नवल वाटणार नाहीं.

गंमत अशी कीं ज्या अपराजितानें सख्ख्या चुलत्याला गाळलें, त्यानेंच आपल्या धन्याचें घराणें मात्र जपलें. भिवंडीजवळील भादान्याचा त्याचा पट शके ९१९ चा, म्हणजे इ. स. ९९७ चा. राष्ट्रकूटांचें राज्य तैलप चालुक्यानें ९७३ सालींच बुडविलें होतें. तरीहि ह्या पटांत राष्ट्रकूटांची वंशावळ सविस्तर दिलेली असून त्यांच्या नाशाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. तैलपाचें स्वामित्व त्यानें मानलें नाहीं. मेलेल्या धन्यापासून कांहीं मिळण्याजोगें नसतें; म्हणून ह्या निष्ठेला किंमत द्यावयास हवी, मग तींत स्वतंत्र होण्याची सोय कितीहि असो.

अपराजिताचे पुत्र दुसरा वज्जड आणि अरिकेसरी. वज्जडाचे तिघे मुलगे, छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणि, एकामागून एक गादीवर आले. छित्तराजाच्या भांडुपच्या पटांत, शके ९४८, षट्षष्टि हें नांव आहे. सहासष्ट गांवांची ती साष्टी. ह्या भावाभावांच्या वारशांतून पुढें कलह माजला हें नागार्जुनाचा पुत्र अनंतदेव याच्या खारेपाटण येथील पटावरून उघड होतें. शके १०१६ च्या त्या पटांत भाऊबंदांच्या वैरामुळें देशावर आलेलें संकट आपण निवारिलें असें तो सांगतो, आणि लगेच दोघां भावांच्या गलबतांना ठाणें, सोपारें, चौल आदि बंदरांत जकात माफ करतो. अंतःकलहांत पैसा कोणी पुरविला असेल, हें ताडणें कठीण नाहीं.

चांज्याच्या शिळेवरील अपरादित्य तो ह्या अनंतदेवाचा पुत्र. याज्ञवल्क्य स्मृतीवरील ‘अपरार्क’ टीका ज्याच्या नांवावर आहे तो ग्रंथकार आपणांस जीमूतवाहनाच्या वंशांतला शिलाहार म्हणवितो. पण अपरादित्य दोन झाले, कोणता खरा? कांहीं विद्वानांनीं दुसऱ्याकडे, म्हणजे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे बोट दाखविलें. निर्णय झाला तो दूर काश्मीरच्या एका काव्यावरून. मंखाच्या ‘श्रीकंठचरित’ काव्यांत पंडितांच्या एका सभेचें वर्णन आहे. तींत कोंकणच्या अपरादित्याचा वकील तेजकंठ हजर आहे. तो काळ काश्मीरच्या जयसिंहाचा, इ. स. ११२८ ते ११५५. म्हणजे विद्वानांशीं संबंध राखणारा तो हा पहिला अपरादित्य, लीलादेवीचा मुलगा. म. म. पां. वा. काणे यांनींहि टीकेचा कर्ता ह्यालाच मानलें.

त्याच्यानंतर वंशावळीचा धागा तुटक होतो. ताम्रपट विरळ होतात, आणि आगाशी, सोपारें, वसई, लोनाड अशा ठिकाणच्या शिळा राहतात. शिळेला वंशवर्णनाची हौस नाहीं. वर्ष, राजा, प्रधान, जमीन, आणि खालीं शाप. त्या शापाचें जें गाढवाचें चित्र कोरतात तें सभ्य शब्दांत वर्णन करण्यासारखें नाहीं. हरिपाळ, मल्लिकार्जुन, दुसरा अपरादित्य अशीं नांवें क्रमानें लागतात, नातीं मात्र लागत नाहींत. मल्लिकार्जुनाचे लेख शके १०७८ व १०८२ चे, चिपळूण व वसईचे. ‘राजपितामह’ हें त्याचें बिरुद ऐकून गुजराथचा कुमारपाळ संतापला आणि त्याचा सेनापति आंबड यानें मल्लिकार्जुनास ठार केलें, असें गुजराथचे जैन ग्रंथकार लिहितात. लोनाडजवळील चौधरपाड्याचा शके ११६१ चा लेख दुसऱ्या केशिदेवास अपरार्काचा पुत्र म्हणतो, आणि दोन दुवे पुन्हां जोडले जातात.

हे दुवे केवळ पंडितांच्या करमणुकीचे नव्हेत. अलिबागजवळच्या आक्षी येथील मराठी शिलालेखांत केशिदेवाचें नांव आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं त्याचा शक ९३४ वाचला, म्हणजे इ. स. १०१२, तेव्हां हा केशिदेव म्हणजे अरिकेसरी. दुसरें मत असें कीं हा दुसरा केशिदेव, म्हणून लेख तेराव्या शतकाच्या आरंभींचा. दोन राजांत दोनशें वर्षांचें अंतर, आणि मराठीच्या अगदीं आरंभींच्या लेखांत त्याला स्थान द्यावें कीं नाहीं हें त्यावर अवलंबून! आजोबाचें नांव नातवाला ठेवण्याच्या आपल्या चालीनें इतिहासाला असा घोळ घालून ठेवला आहे.

शेलार हें आडनांव शिलाहारांवरून आलें असें म्हणतात. शब्दाची व्युत्पत्ति तशी असूं शकेल. पण शब्द उतरला म्हणून रक्तहि उतरलें असें होत नाहीं. तेराव्या शतकांतील शेवटचा लेख आणि आजचें कोणतेंहि घर यांच्यामध्यें अखंड पिढ्यांचा पुरावा उभा राहिलेला नाहीं. तीर्थोपाध्यायांच्या वह्या मोलाच्या खऱ्या, परंतु त्या इतक्या मागें पोहोंचत नाहींत.

शेवटचा राजा सोमेश्वर. त्याचेहि दोन लेख उरणच्याच आसमंतांत मिळाले आहेत: रानवडचा शके ११८१ चा आणि पुन्हां चांज्याचाच, शके ११८२ चा. त्या चांज्याच्या लेखांत ठाण्याच्या उत्तरेश्वर देवालयास दान आहे. बिरुद मोठें, कोंकणचक्रवर्ती. पण देवगिरीच्या महादेव यादवानें चाल केली होती. लढाई अखेर समुद्रावर गेली, आणि हेमाद्रीच्या प्रशस्तीप्रमाणें सोमेश्वरानें महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षां समुद्रांतला वडवानल पत्करला. साध्या शब्दांत, तो बुडाला. हें इ. स. १२६५ च्या सुमारास. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर जहाजांची झुंज कोरलेली आहे, ती ह्याच युद्धाची असावी असें कांहीं अभ्यासक मानतात. त्यानंतरचा ठाण्याचा ताम्रपट शके ११९४ चा आहे; त्याच्या आरंभीं वंशवर्णन आहे तें यादवांचें.