हॅकिंटॉशवर मॅकओएस अपडेट अडकले तर काय तपासावे?

असेंबल केलेल्या साध्या पीसीवर अ‍ॅपलची मॅकओएस चालवली की त्या मशीनला ‘हॅकिंटॉश’ म्हणतात. अ‍ॅपलने २००६ पासून मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर घालायला सुरुवात केली, तेव्हापासून हा प्रकार रुजला. व्हिडिओ एडिटिंग करणारे, गाणी रेकॉर्ड करणारे, डिझाईनचे काम घेणारे असे अनेकजण खऱ्या मॅकची किंमत परवडत नाही म्हणून याकडे वळले. मशीन एकदा बसले की महिनोन् महिने कुरकूर न करता चालते. खरी परीक्षा असते ती अपडेटच्या दिवशी.

कारण सोपे आहे. खऱ्या मॅकमध्ये हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही अ‍ॅपलचेच. इथे मात्र मधे एक दुभाष्या बसलेला असतो. तो म्हणजे ओपनकोअर हा बूटलोडर आणि त्याच्यासोबतच्या केक्स्ट नावाच्या फायली. ग्राफिक्ससाठी व्हॉटेव्हरग्रीन, आवाजासाठी अ‍ॅपलएएलसी, या दोघांचा आधार म्हणजे लिलू, आणि मशीन मॅकच आहे असे भासवणारे व्हर्च्युअलएसएमसी. हे सगळे डिस्कच्या ईएफआय नावाच्या छोट्या भागात असते. अ‍ॅपलचे अपडेट या भागाला हातही लावत नाही. म्हणजे सिस्टीम नवी होते, दुभाष्या मात्र जुनाच राहतो. निम्मे घोटाळे इथेच होतात.

म्हणून आधी ओपनकोअर आणि केक्स्ट अद्ययावत करायचे, मग मॅकओएस. तेही थेट मुख्य डिस्कवर नको. नवा ईएफआय फोल्डर एका एफएटी३२ पेनड्राईव्हवर टाकावा, त्यावरून मशीन सुरू करून पाहावे, सगळे नीट चालले तरच तो डिस्कवर कॉपी करावा. जुना, चालू असलेला ईएफआय दुसऱ्या पेनड्राईव्हवर ठेवावा. चारशे-पाचशे रुपयांचा हा पेनड्राईव्ह लग्नसराईत एडिटिंगचे अख्खे काम वाचवू शकतो. ओपनकोअर बदलला की कॉन्फिग फाईलमधल्या नोंदीही बदलतात, जुनी फाईल तशीच चालेल असे नाही. ओपनकोअरसोबत येणाऱ्या ओसीव्हॅलिडेट या छोट्या प्रोग्रॅमने ती तपासून घ्यावी. टाईम मशीनचा बॅकअप वेगळा. तो घेतल्याशिवाय पुढे जाऊच नये.

आता नेहमीच्या तक्रारी. पहिली, अपडेट दिसतच नाही. याचे मूळ बहुतेकदा मशीनने घेतलेल्या ओळखीत, म्हणजे एसएमबायोसमध्ये असते. आयमॅक १९,१ अशी ओळख असेल तर सेक्वोयापर्यंतच मजल जाते, ताहो त्या मॉडेलसाठी नाही. ओळख आयमॅक २०,१ किंवा मॅकप्रो ७,१ अशी टी२ चिप असलेल्या मॉडेलची असेल, तर दुसराच पेच पडतो. या मॉडेलवर ‘सिक्युअर बूट मॉडेल’ बंद ठेवले की सेटिंग्जमध्ये अपडेट येत नाही. आणि ते चालू ठेवले तर सोनोमा १४.४ पासून पुढे इन्स्टॉलेशन सुरू असतानाच मशीन क्रॅश झाल्याचा अनुभव अनेकांना आला. यावरचा रुळलेला उपाय म्हणजे सिक्युअर बूट मॉडेल बंद ठेवायचे, रिस्ट्रिक्टइव्हेंट्स हा केक्स्ट घालायचा आणि बूट आर्ग्युमेंटमध्ये रेव्हपॅच समोर एसबीव्हीएमएम लिहायचे. मग सिस्टीमला आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत असे वाटते आणि अपडेट दिसू लागते.

दुसरी तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते : डाऊनलोड झाले, रीस्टार्ट झाले, आणि जुनीच आवृत्ती परत आली. इथे बिघाड काहीच नसतो. अपडेट दोन-चार रीस्टार्टमध्ये पूर्ण होते, आणि त्या काळात ओपनकोअरच्या यादीत ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ नावाची वेगळी नोंद येते. दर वेळी तीच निवडायची. एकाच मशीनवर विंडोजही असेल आणि बायोसमध्ये तिला पहिला नंबर दिलेला असेल, तर मशीन सरळ विंडोजमध्ये जाते, अपडेट अर्धवट लटकते. मशीन सोडून चहाला गेले की हमखास हेच होते. इन्स्टॉलरची नोंद यादीतून आपोआप गेली, म्हणजे काम झाले.

लोगोवर पट्टी थांबली म्हणून लगेच बटण दाबून बंद करू नये, अर्धा तास तरी वाट पाहावी. लाईटचा भरवसा नसेल तर यूपीएसशिवाय अपडेट सुरूच करू नये. खरेच अडकले असेल तर बूट आर्ग्युमेंटमध्ये ‘-व्ही’ घालून पुन्हा सुरू करावे. लोगोऐवजी पडद्यावर ओळी दिसतात, शेवटच्या ओळींचा मोबाईलवर फोटो काढावा. नेमके कुठे अडले ते त्यातच असते. एनव्हीरॅम रीसेट हा त्याआधी करून पाहण्याचा सोपा उपाय. एएमडी रायझन असेल तर मोठ्या आवृत्तीआधी कर्नल पॅच नवे घेतले होते का आणि कोअरची संख्या बरोबर लिहिली आहे का, हे आधी पाहावे.

अपडेट झाले पण वायफाय गेले, हेही नित्याचे. इंटेल कार्डासाठीचा एअरपोर्टआयटीएलडब्ल्यूएम हा केक्स्ट प्रत्येक मॅकओएस आवृत्तीसाठी वेगळा असतो. तो आधीच डाऊनलोड करून ठेवावा, नाहीतर नेट नाही म्हणून केक्स्ट नाही आणि केक्स्ट नाही म्हणून नेट नाही. सोनोमाने जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा आधार काढला, ताहोने अ‍ॅपलएचडीए काढल्याने अ‍ॅपलएएलसीवर चालणारा आवाज बंद पडला. एनव्हिडियाच्या पास्कल कार्डांची वाट तर हाय सिएरालाच संपली आहे.

कायद्याचेही पाहायला हवे. अ‍ॅपलच्या परवान्यानुसार मॅकओएस अ‍ॅपलच्याच मशीनवर चालवायची आहे. अशी मशीन बनवून विकणाऱ्या अमेरिकेतील सायस्टार कंपनीवर अ‍ॅपलने २००८ मध्ये दावा लावला आणि २००९ मध्ये निकाल अ‍ॅपलच्या बाजूने लागला. घरी जोडणाऱ्यालाही दुरुस्तीसाठी अ‍ॅपलच्या दारात जाता येत नाही.

इंटेल मॅकसाठी ताहो ही शेवटची मोठी आवृत्ती असल्याचे अ‍ॅपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले. त्यानंतरच्या आवृत्त्या फक्त अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपसाठी असणार, म्हणजे पीसीवर त्या चढणार नाहीत. त्यामुळे सेक्वोयावर काम व्यवस्थित चालले असेल तर केवळ नव्या रूपासाठी ताहोवर उडी मारण्यात फायदा थोडा आणि डोकेदुखी जास्त. अशांनी सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात सॉफ्टवेअर अपडेट उघडून आपोआप इन्स्टॉल होण्याचा पर्याय आजच बंद करावा. सुरक्षेची छोटी अपडेट्स हातात काम नसेल त्या दिवशी, पेनड्राईव्ह जवळ ठेवून स्वतः घ्यावीत.