घंटी, पट्टा आणि प्रवासी : मोटारीतील सीट बेल्ट-सूचक ध्वनी बंद करण्याच्या प्रवृत्तीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात भारजा नदीच्या मुखाशी केळशी हे गाव वसलेले आहे. महालक्ष्मीचे मंदिर, याकुब बाबांचा दर्गा आणि किनाऱ्यावरील वाळूची टेकडी यांमुळे ते इतिहासाच्या व पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मुंबई-पुण्याहून येणारी मोटार महामार्ग सोडून मंडणगड अथवा दापोलीमार्गे केळशीकडे वळली की वळणांचा आणि चढ-उतारांचा रस्ता सुरू होतो. गावात शिरताना जांभ्या दगडाच्या गडग्यांमधील अरुंद वाटा लागतात. महामार्गावरील कॅमेरे आणि वाहतूक पोलीस मागे राहिलेले असतात. अशा ठिकाणी सीट बेल्टची आठवण करून देणारी एकच यंत्रणा उरते व ती म्हणजे मोटारीच्या आतून येणारा घंटीचा आवाज.

नेमका हाच आवाज अनेकांना नकोसा वाटतो. तो बंद करण्यासाठी पट्टा लावणे हा सरळ मार्ग असताना पट्टा न लावता आवाज थांबविण्याचे उपाय शोधले गेले आणि त्यांची बाजारपेठही उभी राहिली. प्रस्तुत निबंधात या प्रवृत्तीचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे. सुरक्षेची जबाबदारी कायद्याची, यंत्राची की व्यक्तीची, या प्रश्नाला वेगवेगळ्या काळात दिली गेलेली उत्तरे या लहानशा आवाजाच्या इतिहासातून समजून घेता येतात, हे या विवेचनाचे सूत्र होय.

पट्ट्याचा उगम आणि घंटीचा जन्म

आज सर्वत्र वापरात असलेला तीन बिंदूंवर बांधला जाणारा पट्टा १९५९ मध्ये स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीचे अभियंता निल्स बोलिन यांनी विकसित केला. कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही खुले ठेवले. त्यामुळे पट्ट्याचा प्रसार वेगाने झाला. तथापि पट्टा बसविणे आणि पट्टा लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लवकरच लक्षात आले. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने पट्टा लावण्याची सक्ती करणारा कायदा केला. तेथे जबाबदारी व्यक्तीवर आणि देखरेख पोलिसांवर सोपविण्यात आली.

अमेरिकेने त्याच सुमारास वेगळा मार्ग निवडला. तेथे जबाबदारी यंत्राकडे देण्यात आली. प्रथम घंटी आली आणि १९७४ च्या मॉडेलच्या मोटारींमध्ये पुढील आसनांवरील व्यक्तींनी पट्टा लावल्याखेरीज इंजिनच सुरू होणार नाही अशी योजना करण्यात आली. तिच्याविरुद्ध मोठा असंतोष उसळला. आसनावर ठेवलेली किराणा सामानाची पिशवी किंवा बसलेला कुत्रा यांनाही यंत्र प्रवासी समजे आणि मोटार सुरू होत नसे. लोकांनी तारा तोडल्या, काहींनी पट्टा कायमचा अडकवून त्यावर बसण्याची युक्ती केली. अखेर अमेरिकी काँग्रेसने ऑक्टोबर १९७४ मध्ये कायदा करून ही सक्तीची योजना रद्द केली आणि घंटीचा सक्तीचा कालावधी ८ सेकंदांपुरता मर्यादित केला. हे बंधन २०१२ मध्ये सैल होईपर्यंत सुमारे चार दशके टिकले. यंत्राने केलेली सक्ती माणसाला पटली नाही, तर तो यंत्रालाच फसवितो, हा या प्रसंगाचा धडा होय. पुढे भारतात हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडली.

भारतातील कायद्याची वाटचाल

मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे दोन्ही १ जुलै १९८९ पासून अमलात आले. नियमांतील १९९३ च्या दुरुस्तीने पुढील आसनांसाठी पट्टे पुरविण्याचे बंधन उत्पादकांवर आले व ते १९९४ पासून लागू झाले. मागील आसनांसाठीची तरतूद २००२ च्या सुमारास झाली. नियम १३८(३) नुसार चालक, पुढील आसनावरील व्यक्ती आणि समोर तोंड करून मागे बसणारे प्रवासी या सर्वांनी वाहन चालू असताना पट्टा लावणे आवश्यक आहे. म्हणजेच मागील आसनावरील पट्टा हा अलीकडचा नियम नव्हे. तो दीर्घकाळ कागदावर होता, वापरात मात्र नव्हता.

दंडाच्या बाबतीतही असेच घडले. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ब समाविष्ट झाले आणि पट्टा न लावल्याबद्दल १,००० रुपये दंडाची तरतूद झाली. महाराष्ट्राने वाढीव दंडाची अंमलबजावणी आरंभी रोखून धरली होती. सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. याच काळात यंत्राकडेही जबाबदारी आली. १ जुलै २०१९ पासून उत्पादित होणाऱ्या मोटारींमध्ये चालकासाठी एअरबॅग, वेगाची सूचना देणारा ध्वनी, मागे वाहन घेतानाचे संवेदक आणि पुढील दोन्ही आसनांसाठी सीट बेल्टची घंटी सक्तीची झाली. महागड्या मोटारींपुरती मर्यादित असलेली घंटी अशा रीतीने सामान्य कुटुंबाच्या गाडीत आली.

कोकणातील प्रवासी आणि पट्ट्याची अनोळख

या घंटीला मिळालेला प्रतिसाद समजून घेण्यासाठी प्रवासाची पूर्वपीठिका पाहणे आवश्यक आहे. कोकणच्या किनारपट्टीवरील प्रवास पिढ्यान् पिढ्या होडी, तर आणि गलबत यांतून झाला. १९४८ मध्ये राज्य परिवहनाची सेवा सुरू झाल्यानंतर कालांतराने एस.टी. हे खेड्यापाड्यांना जोडणारे मुख्य साधन बनले. नंतर वडापच्या जीपगाड्या आल्या. या सर्व वाहनांत प्रवाशाने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी स्वतः काही करावे अशी अपेक्षाच नव्हती. तांडेल, ड्रायव्हर आणि ग्रामदेवता यांच्यावर भार टाकून प्रवासी निश्चिंत बसे. निघण्यापूर्वी नारळ ठेवणे, दसऱ्याला वाहनाची पूजा करणे हे त्याचे सुरक्षाविषयक आचार होते. त्यांत श्रद्धा होती, परंतु शरीर आसनाला बांधून घेण्याची कल्पना नव्हती.

खासगी मोटार घरोघर आली ती या संस्कारावर. त्यामुळे पट्टा ही प्रवाशाने करावयाची कृती आहे असे न वाटता पोलिसाला दाखविण्याची वस्तू आहे, असा समज रूढ झाला. टोलनाका किंवा चौक जवळ आला की पट्टा ओढून घ्यायचा आणि पुढे गेल्यावर सोडायचा, ही सवय याच समजातून आली. गावाजवळच्या रस्त्यावर तर 'आता कशाला, पोहोचलोच की' हे उद्गार नित्याचे झाले.

या समजाची तपासणी साध्या गणिताने करता येते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एकाएकी अडली, तर पट्टा न लावलेले शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. हा आघात सुमारे १० मीटर उंचीवरून पडण्याएवढा असतो. मध्यम उंचीच्या माडाच्या शेंड्यावरून पडणे म्हणजे काय, हे किनारपट्टीवरील माणसाला सांगावे लागत नाही. ताशी ४० किलोमीटर या वेगालाही ही उंची ६ मीटरहून अधिक भरते. वळणाच्या रस्त्यावर वेग कमी असतो म्हणून पट्टा अनावश्यक, हा युक्तिवाद येथे टिकत नाही. मागे बसलेली व्यक्ती तर समोरच्या आसनावर आदळून पुढे बसलेल्याच्याही जिवाला धोका निर्माण करते. एअरबॅग ही पट्ट्याला पूरक योजना आहे, पर्याय नव्हे.

आवाज बंद करण्याचे मार्ग

घंटी बंद करण्याचे तीन मार्ग प्रचलित झाले. पहिला, पट्टा पाठीमागून घेऊन बक्कलमध्ये अडकविणे आणि त्यावर टेकून बसणे. दुसरा, विद्युत जोडणी काढून टाकणे. तिसरा आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पट्ट्याच्या टोकासारखी धातूची क्लिप बक्कलमध्ये खोचणे. या क्लिपमुळे यंत्राला पट्टा लावल्याचा भास होतो. पट्टा आपल्या जागी लोंबत राहतो, घंटी मात्र थांबते.

येथे एक बाब न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे. घंटीविषयीची प्रत्येक तक्रार निराधार नसते. अनेक मोटारींत आसनाखालील संवेदक केवळ वजन ओळखतो. हंगामात चालकाशेजारी हापूसची पेटी ठेवली, तर संवेदक तिला प्रवासी समजतो आणि घंटी सुरू होते. किराणा सामानाच्या पिशवीने अमेरिकेत जे केले, तेच येथे आंब्याची पेटी करते. परंतु त्यासाठी क्लिपची गरज नाही. पेटी डिकीत ठेवणे किंवा तिच्याभोवती पट्टा घेऊन तो अडकविणे, हे दोन्ही उपाय विनाखर्चाचे आहेत. धक्का बसल्यास ती पेटीही आसनावर थांबणार नसते, म्हणून तिलाही बांधणेच योग्य होय. पेटीसाठी आणलेली क्लिप पेटी उतरविल्यावर काढली जाईल याची मात्र खात्री नसते. पुढील फेरीत त्याच आसनावर घरातील माणूस बसतो आणि घंटी गप्पच राहते.

दोन मृत्यू आणि लोकजागृती

महाराष्ट्रातील जनमानसाला या प्रश्नाची जाणीव झाली ती दोन प्रसिद्ध व्यक्तींच्या मृत्यूंमुळे. ३ जून २०१४ रोजी तत्कालीन केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दिल्लीत अपघात झाला. ते मागील आसनावर बसले होते. मागील आसनाचा पट्टा केवळ शोभेचा, हा गैरसमज जीवघेणा असल्याचे तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी त्या वेळी जाहीरपणे सांगितले. काही दिवस चर्चा झाली आणि ती विरली.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासमवेत मागे बसलेले सहप्रवासी मृत्युमुखी पडले. दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढील आसनांवरील दोघे जखमी अवस्थेत बचावले. एकाच मोटारीतील या फरकाने जे सांगितले, ते अनेक परिपत्रकांना सांगता आले नव्हते. त्याच महिन्यात मागील आसनांसाठीही घंटी सक्तीची करण्याचा मसुदा केंद्राने प्रसिद्ध केला. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांसाठी पट्टा आवश्यक असल्याचे जाहीर केले. वस्तुतः नियम वीस वर्षे अस्तित्वात होता. नवे होते ते त्याचे स्मरण.

क्लिपवरील कारवाई

चारोटीच्या घटनेनंतर क्लिपही चर्चेत आली. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनला तिची विक्री थांबविण्यास सांगितल्याचे जाहीर केले. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, स्नॅपडील, शॉपक्लूज आणि मीशो या पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश दिले. त्यानंतर १३,११८ विक्री-नोंदी हटविण्यात आल्या. त्यांपैकी ८,०९५ एकट्या अ‍ॅमेझॉनवरील होत्या. काही विक्रेते ही क्लिप बाटली उघडण्याचे साधन किंवा सिगारेट लायटर या नावाखाली विकत होते, असेही प्राधिकरणाला आढळले. क्लिप वापरल्यास विम्याचा दावा मिळण्यात अडथळा येऊ शकतो, याकडेही प्राधिकरणाने लक्ष वेधले. पट्टा न लावल्यामुळे २०२१ मध्ये देशात १६,३९७ व्यक्तींचा मृत्यू झाल्याची शासकीय नोंद आहे. त्यांत ८,४३८ चालक आणि ७,९५९ प्रवासी होते.

वस्तूचे नाव बदलून ती विकावी लागते, यावरून विक्रेत्यालाही तिचे स्वरूप ठाऊक होते हे स्पष्ट होते. येथे कायद्याने प्रथमच व्यक्ती आणि यंत्र यांच्यापलीकडे जाऊन बाजाराला जबाबदार धरले. तरीही या कारवाईची मर्यादा उघड आहे. क्लिप बाजारातून काढता येते, परंतु पाठीमागून पट्टा अडकविण्याची युक्ती कोणत्याही दुकानात विकत घ्यावी लागत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, व्हिक्टोरियाने व्यक्तीला, अमेरिकेने यंत्राला आणि भारताने अनुक्रमे उत्पादक, चालक, प्रवासी व विक्रेता यांना जबाबदार धरले. प्रत्येक टप्प्यावर नियम अधिक काटेकोर झाला आणि पळवाटही अधिक चतुर झाली. याचे कारण पट्ट्याचा संबंध प्रवाशाच्या मनात दंडाशी जोडला गेला, आघाताशी नव्हे. दंडाची भीती चौकापुरती असते. आघाताची शक्यता मात्र केळशीच्या शेवटच्या वळणापर्यंत सोबत असते.

पोलीस चुकविला तर दंड वाचतो, असा व्यवहार निदान समजण्याजोगा आहे. घंटी चुकविली तर काहीच वाचत नाही, कारण ती शासनाला काही कळवीत नाही. ती फक्त आत बसलेल्यांशी बोलते. क्लिप लावणारा मनुष्य कायद्याला फसवीत नसून शेजारी आणि मागे बसलेल्या आपल्याच माणसांना मिळणारी सूचना बंद करीत असतो. जानेवारीतील रस्ता सुरक्षा अभियानात महाविद्यालये घोषवाक्ये व फेऱ्या यांचे आयोजन करतात. त्यांच्या जोडीला क्षेत्रभेटी आणि सहलींसाठी भाड्याने घेतलेल्या मोटारींत मागील पट्टे आसनाखाली दाबलेले आहेत की वर काढलेले, बक्कलमध्ये क्लिप आहे की नाही, एवढे निघण्यापूर्वी पाहिले, तर विद्यार्थ्यांपर्यंत हा विषय अधिक परिणामकारकपणे पोहोचेल. मागील आसनावर बहुधा घरातील ज्येष्ठ आणि मुले बसतात. घंटी ज्यांच्यासाठी वाजावयाची, तेच ती बंद करण्याच्या निर्णयात सहभागी नसतात, हे या प्रश्नाचे सर्वांत गंभीर अंग होय.