हमालीतून उभी राहिलेली शाळा

चळवळीचा इतिहास सांगताना आम्ही परिषदा सांगतो, मोर्चे सांगतो, पुढाऱ्यांची नावे घेतो. आमच्या आयाबहिणींनी केलेलं काम मात्र मागेच राहतं. म्हणून या स्मरणिकेत आम्ही जाईबाई चौधरींचं नाव घेतो.

जाईबाईंचा जन्म १८९२ सालचा, उमरेडचा. दुष्काळात कुटुंब नागपूरला आलं. पोटासाठी त्यांनी नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहिली. पण थोडं लिहितावाचता येत होतं. मिशनच्या एका बाईंनी ते पाहिलं आणि चार रुपये महिन्यावर त्यांना शाळेत शिक्षिका नेमलं. बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्णांनी शाळेवर बहिष्कार टाकला. नोकरी गेली.

दुसरी कुणी असती तर पुन्हा ओझ्याकडे वळली असती. जाईबाईंनी ठरवलं, आता आपल्याच समाजाच्या मुली शिकवायच्या. १९२२ साली नागपुरात त्यांनी संत चोखामेळा कन्या शाळा काढली.

१९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. तिथे जेवणाला त्यांना वेगळं बसवलं. दलित स्त्रियांनी हा अपमान गिळला नाही. १ जानेवारी १९३८ रोजी जाहीर सभा घेऊन निषेध केला.

बंधुभगिनींनो, पुढारीपण असं कामातून येतं. उद्या आपल्या विहारात मुलींचा अभ्यास घ्यायला एखादी कमी शिकलेली बाई पुढे आली, तर तिला हसू नका. तिला खडू द्या, फळा द्या.

जयभीम!