गजाली आणि मुलाखत : दूरदर्शनच्या जुन्या फितींविषयी

मालवणी बोलीत गप्पांना 'गजाली' म्हणतात. गजालीला विषय लागत नाही, वेळेचे बंधन नसते आणि विचारणारा कोण, सांगणारा कोण हा भेदही तिच्यात टिकत नाही. दूरचित्रवाणीवरील साहित्यिक मुलाखत नेमकी उलट : ठरलेल्या वेळेची, प्रमाण मराठीतली, प्रश्नांच्या शिस्तीत चालणारी. सिंधुदुर्गातून मुंबईस गेलेल्या लेखकांना पहिला प्रकार घरचा होता, दुसरा त्यांनी कमावला. जुन्या ध्वनिचित्रमुद्रणांचा विचार या अंगाने व्हावयास हवा.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. हिंदीत तबस्सुम यांच्या 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'ने चित्रपट कलावंतांना बोलते केले. मराठीत 'प्रतिभा आणि प्रतिमा'ने लेखकांना. अमेरिकेत अशा गप्पा मध्यरात्रीच्या सुमारास रंगत. आपल्याकडे प्रक्षेपणच सायंकाळी काही तासांचे असल्यामुळे त्यांना तेवढ्यातच जागा शोधावी लागे. शिवाय केंद्राचा पल्ला मुंबई आणि आसपासचा, त्यात पुढे पुण्याची भर पडली. वेंगुर्ल्याचा लेखक मुंबईच्या स्टुडिओत बोले, परंतु वेंगुर्ल्यास तो दिसत नसे. तिथे मुंबई पोहोचे ती रेडिओवरून. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला तोही 1 मे 1981 रोजी.

या गप्पांतले किती उरले? चित्रफीत महाग होती, म्हणून कार्यक्रम झाला की ती पुसून तिच्यावर पुढचा मुद्रित करण्याची पद्धत जगभर होती. जॉनी कार्सन यांच्या 'टुनाइट शो'ची 1962 ते 1972 या दशकातील बहुतेक मुद्रणे एनबीसीने अशीच गमावली. नंतरच्या फिती मात्र कॅन्ससमधील मिठाच्या खाणीत, जमिनीखालच्या कोरड्या हवेत जपल्या गेल्या. शिरोड्याची मिठागरे पाहिलेल्या वाचकाला याची गंमत वाटेल. आमच्या किनाऱ्यावर खारी, दमट हवा फितीची वैरी. तिकडे मिठाच्याच पोटात फीत सुरक्षित. असो.

म्हणजे जे उरले ते गुणवत्तेच्या निवडीने उरले असे समजण्याचे कारण नाही. चिं. त्र्यं. खानोलकर 26 एप्रिल 1976 रोजी गेले. त्यांच्या हयातीत मुंबईत दूरचित्रवाणी होती ती जेमतेम साडेतीन वर्षे. 'नक्षत्रांचे देणे'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 1978 साली, मरणोत्तर. मंगेश पाडगावकर मात्र 2015 पर्यंत होते. दूरचित्रवाणीच्या अनेक पिढ्यांना ते बोलताना दिसले. दोघेही वेंगुर्ले तालुक्यातले, वयात अंतर एका वर्षाचे. उद्याचा अभ्यासक केवळ उपलब्ध मुद्रणांवरून लेखकांचे वजन ठरवू लागला, तर त्याची फसगत होईल.

आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. 1980 मध्ये गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले. मालवण तालुक्यातील रेवंडीच्या मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे हजारो प्रयोग केले आणि मालवणी महाराष्ट्रभर पोहोचवली. हे उपकार मोठे आहेत. पण त्यानंतर मालवणी हेल कानी पडताच प्रेक्षक हसण्याच्या तयारीत बसू लागला. खानोलकरांच्या कथा-कादंबऱ्यांतील किनाऱ्याची माणसे भय आणि अपराध घेऊन जगतात. जयवंत दळवींच्या आरवलीत हशा आहे, त्याखाली साचलेला विषादही आहे. या लेखकांच्या प्रमाण मराठीत घरचा हेल कोठे डोकावत असे, प्रश्नकर्ता तो कसा स्वीकारीत असे, हे ऐकायचे तर 1980 पूर्वीचे मुद्रण हवे. नेमका तोच काळ फिती पुसण्याचा.

छापील मुलाखत ही उणीव भरून काढत नाही. संपादक अडखळणे गाळतो, अर्धवट वाक्ये पुरी करतो, बोलीचे रूप प्रमाण करतो. 'ठणठणपाळ' या नावाने साहित्यिकांच्या गप्पांना लेखी रूप देणारे दळवी स्वतः या कलेत वाकबगार होते. त्यांच्या लेखी गप्पा वाचताना आवाज ऐकल्याचा भास होतो, पण तो भासच.

अलीकडे दूरदर्शन सह्याद्रीने संग्रहातील अनेक कार्यक्रम यूट्यूबवर खुले केले आहेत. एके काळी ज्या गावांना ते दिसत नव्हते, तिथे ते आता मोबाइलवर दिसतात. विद्यार्थ्यांनी उद्धृत करताना अपलोडचा दिनांक हा प्रक्षेपणाचा दिनांक समजू नये. मुद्रण अखंड आहे की पुनःप्रक्षेपणासाठी कापलेले, हेही पाहावे. मुलाखतकाराचे नाव टिपावे. त्याच्याविना अर्धे संभाषणच निनावी राहते.

राहता राहिल्या घरोघरच्या कॅसेट : स्थानिक साहित्य संमेलनांच्या, दशावताराच्या, एखाद्या लेखकाच्या गावभेटीच्या. सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयांनी पुस्तकांबरोबर त्याही मागून घ्याव्यात. कोणाच्या माळ्यावर अशी कॅसेट सापडली, तर उत्साहाने लगेच लावून पाहू नये. पावसाळ्यात धरलेली बुरशी यंत्रात जाते आणि फीतही तुटते. आधी जाणकाराकडून ती स्वच्छ करून घ्यावी आणि पहिल्याच वेळी लावताना तिचे डिजिटल मुद्रण करून ठेवावे.