पालमचा नाममुद्रा नसलेला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे किल्ला, लढाई किंवा ताम्रपट यांपैकी काहीतरी उभे राहते. परभणी जिल्ह्यातील पालम या गावास ही कसोटी लावू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांचे कँबेलच्या देखरेखीखाली जाडजूड गॅझेटियर तयार झाले. त्यांत तेथील देवळे, जत्रा, झाडे, जातीपाती, खेळ, सारे काही नोंदले गेले. निजामाच्या राज्यातील मराठी मुलुख त्या यादीबाहेर राहिला. पुढे त्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. तेव्हा येथील मराठी माणसाच्या कलेची व करमणुकीची दखल सरकारी कागदाने घ्यावी कशी? परंतु कागद नाही म्हणून वैभवही नव्हते, असे अनुमान काढणे हा तर्कशास्त्रातील सरळ सरळ दोष होय.

पालम तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते. तिच्या पात्रात जांभूळबेट नावाचे एक बेट आहे. प्रवाह दुभंगून दोन्ही बाजूंनी जातो आणि मध्ये गाळाच्या भूमीवर जांभळीची दाट झाडी उभी आहे. मोरांचाही तेथे वास आहे. ज्येष्ठ-आषाढाच्या संधीस फळे पिकून गळू लागतात आणि सबंध बेटाचा रंगच पालटतो. आम्हां इंग्रजी शिकलेल्या मंडळींस टेम्स नदीवरील पुलांची नावे सांगता येतात, वर्डस्वर्थच्या सरोवरांचे वर्णनही मुखोद्गत असते. मात्र आपल्याच गोदेच्या कुशीतील या बेटाचे नाव परभणीबाहेरील किती पदवीधरांस ठाऊक असेल, याविषयी आम्ही साशंक आहो. जे बेट गाळाने घडविले तेच पुराने कातरले जाते. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाल्यापासून नदीचा ओघही पूर्वीचा उरला नाही. कधी पात्र कोरडे, कधी धरणातून सोडलेल्या पाण्याचा एकाएकी लोंढा, अशा स्थितीत काठाची माती टिकावी तरी कशी? झाडांची मुळे धरून ठेवतात तेवढीच ती राहते. या बेटास ना शिलालेख आहे ना सनद; ते वाहून गेले तर पूर्वी येथे काय होते हे सांगावयास केवळ त्याचे नाव मागे राहील.

खेळ व कला यांचा या भागातील मोठा मेळावा पाहावयाचा असेल, तर शेजारच्या लोहा तालुक्यातील माळेगावास जावे. मार्गशीर्षाच्या अखेरीस तेथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, बैल यांचा बाजार एकीकडे. वाघ्या-मुरळींची जागरणे दुसरीकडे. तमाशाचे फड, लावणी आणि कुस्त्यांची दंगल तिसरीकडे. आमच्या वर्गातील पुष्कळांनी या सर्वांस एकेकाळी अडाण्यांची करमणूक म्हणून नाक मुरडले. आज तीच लावणी नाट्यगृहात तिकीट काढून ऐकतो, तेव्हा तिला लोककला म्हणतो! कुस्तीचे तसेच. लहान पोरांच्या रेवड्यांवरील कुस्तीपासून मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंत जी चढण आहे, ती चढत गेलेला मल्ल पंचक्रोशीच्या आठवणीत एक-दोन पिढ्या जगतो, आणि मग पुसला जातो.

कोण पुसला जातो आणि कोण उरतो, हाच आमच्या मते खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पालमच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर असलेल्या गंगाखेडात सापडते. जनाबाईंचे हे जन्मगाव, अशी परंपरा आहे. पंढरपुरास नामदेवांच्या घरी दळणकांडण, शेणगोठा करणारी ही दासी. तिचे सुमारे ३५० अभंग आपल्यापर्यंत आले, तेही बहुतांशी नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने. यात धन्याच्या नावाचा आधार होता हे खरेच, परंतु आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घालण्याची चाल वारकरी कवींत होती. जनीने आपले नाव तेथे गुंफले, म्हणून सातशे वर्षांच्या गर्दीत ते हरवले नाही.

आता तिच्याच गोदाकाठी, तिच्यासारख्याच जात्यावर बसलेल्या इतर बायकांचा विचार करावा. त्यांनी रचलेल्या ओव्यांस नाममुद्रा नाही. ओवीत भावाचे नाव येते, लेकाचे येते, पंढरीच्या विठ्ठलाचे येते. गाणारीचे सहसा येत नाही. एकीने रचावी, दुसरीने सासरी न्यावी, तिसरीने तीत आपल्या भावाचे नाव घालून ती आपलीशी करावी, असा हा व्यवहार. काव्य म्हणून यातील कित्येक ओव्या जनीच्या अभंगांच्या पंक्तीस बसतील, असे आमचे स्पष्ट मत आहे. तथापि पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि गाण्याचे निमित्तच संपले.

लेखणी हाती असलेल्याचे भाग्य निराळे. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, १९१३ साली सातोना येथे जन्मले आणि निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी करीत परभणीस राहिले. दिवसा परक्या राजभाषेचा कारभार आणि रात्री मराठी कविता, कथा, कादंबरी, अशी त्यांची ओढाताण होती. १९५३ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते वारले. ‘आडगावचे चौधरी’ ही त्यांची कादंबरी त्यांच्यामागून प्रसिद्ध झाली. या मुलुखाच्या दुःखाला त्यांनी छापील पान मिळवून दिले. मुलुखाच्या पोटातील ओव्यांस ते मिळावयास आणखी काही दशके जावी लागली.

पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटेव्हिन यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या. त्यांतील काही १९९६ साली पालमच्या उत्तरेस, नदीपलीकडील ताडकळस गावी ध्वनिमुद्रित झाल्या. गाणाऱ्या बाईंचे नाव गंगूबाई अंबोरे. सीतेच्या वनवासाच्या त्यांच्या ओव्या आज कोणासही ऐकता येतात, आणि गाणे संपताच गाणारीचे नाव, गाव व सालही सांगता येते. ही नोंद वाचून आम्हांस जो आनंद झाला, तो एखादे जुने दानपत्र सापडल्याच्या आनंदाहून उणा नव्हता.

पालमच्या शाळांतील मुलांस सुटीत काही काम द्यावयाचे असेल तर आम्ही एवढेच सुचवू, की प्रत्येकाने एक वही घेऊन आपल्या आजीजवळ बसावे. पहिल्या पानावर तिचे नाव, माहेरचे गाव, आणि ओवी कोणापासून शिकली ते लिहावे. ओवी दुसऱ्या पानापासून.